शरीरात शिवलेलं कापड

आजचा विषय ऐकून काहीजणींना वाटेल, हे तर डॉक्टरांचं बोलणं, आपल्याला काय त्याचं? पण विषय कापडाचा आहे, धाग्याचा आहे, टाक्याचा आहे. ज्यांच्या घरात जाळी विणली जातात, सांधली जातात, त्या बायांना तो इतरांपेक्षा लवकर कळेल असं आम्हाला वाटतं.

वरसोली, थळ, रेवदंडा, कोर्लई, मुरूड, श्रीवर्धन, कुठल्याही कोळीवाड्यातल्या जुन्या माणसाला विचारा, नायलॉन येण्याआधी जाळं कसं असायचं. तागाचं किंवा सुताचं. ते खाऱ्या पाण्यात कुजायचं. म्हणून झाडाच्या सालीचा काढा उकळायचा, त्यात जाळं बुडवायचं, वाळवायचं, काही दिवसांनी पुन्हा बुडवायचं. सूत तेच राहायचं, पण सालीच्या रसानं त्याचं वरचं अंग बदलायचं आणि जाळं जास्त टिकायचं. नायलॉन आलं आणि हा उद्योग संपला. नव्या धाग्याला काढा लागत नव्हता.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. धागा आतून कशाचा आहे हे एक, आणि त्याचं वरचं अंग कसं आहे हे दुसरं. पाण्याची, मिठाची, जंतूंची गाठ पडते ती वरच्या अंगाशी. हाच धागा माणसाच्या शरीरात घातला तर रक्ताची आणि मांसाची गाठही वरच्या अंगाशीच पडते. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत डॉक्टरांनी आणि कापड-तंत्रज्ञांनी मिळून हे अंग कसं बदललं, कुठे जमलं, कुठे अंगाशी आलं, त्याची ही हकिगत.

आपल्या रायगड जिल्ह्यात या धाग्यांचं कूळ आहे. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी १९८२ पासून रिलायन्सच्या कारखान्यात पॉलिएस्टरचा धागा निघतो. नागोठण्याच्या कारखान्यात पॉलिथिलिन आणि पॉलिप्रॉपिलिन तयार होतं. जाळ्याचे दोर, गोणी, बादल्या, मच्छरदाण्या याच कुळातल्या प्लास्टिकच्या. वैद्यकीय धागा वेगळ्या कसोट्यांवर तयार होतो, तेव्हा इथलाच धागा कुणाच्या पोटात जातो असा अर्थ काढू नका. पण रसायन तेच. नेसायची टेरिलीनची साडी आणि हृदयरोग्याच्या छातीतली कृत्रिम रक्तवाहिनी या सख्ख्या बहिणी आहेत.

पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधला. त्यांची नोकरी होती छापील कापड काढणाऱ्या गिरण्यांच्या संघात. त्यांच्या डोक्यात कापडच होतं, शरीर नव्हतं. इंग्लंडात त्याला टेरिलीन म्हणू लागले, अमेरिकेत डेक्रॉन.

शरीराची वाट निघाली ती एका कुत्र्याच्या हृदयातून. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर व्हूरहीस नावाचे तरुण शल्यचिकित्सक कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करत होते. १९४७ साली त्यांना दिसलं, की हृदयाच्या कप्प्यातून चुकून आरपार गेलेल्या रेशमी टाक्यावर काही महिन्यांनी एक चकचकीत गुळगुळीत पापुद्रा चढला आहे. त्यांनी विचार केला, एका धाग्यावर शरीर असा पापुद्रा चढवत असेल, तर कापडाच्या नळीला आतून का नाही चढवणार? पहिली नळी त्यांनी रेशमी हातरुमालाची शिवली. पुढे हवाई छत्र्यांसाठीचं कृत्रिम कापड मिळालं, ते वापरलं. १९५२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि लवकरच माणसांच्या फुगलेल्या महाधमनीच्या जागी अशा नळ्या बसू लागल्या. महाधमनी म्हणजे हृदयातून निघून पोटात उतरणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी. ती फुगून फुटली की माणूस वाचणं कठीण.

त्याच सुमारास ह्यूस्टन शहरात डॉ. मायकेल डिबेकी यांनाही नळी करायची होती. लहानपणी आईनं त्यांना शिवण शिकवलं होतं. ते कापडाच्या दुकानात नायलॉन घ्यायला गेले. नायलॉन संपलं होतं. दुकानदारानं नवं आलेलं डेक्रॉन दाखवलं. डिबेकींनी ते घेतलं आणि घरी बायकोच्या शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या. नायलॉन नव्हतं हे नशीबच म्हणायचं. काही वर्षांतच कळलं, की शरीरात नायलॉनची ताकद हळूहळू कमी होत जाते आणि पॉलिएस्टर खूप जास्त काळ टिकतं. खाऱ्या पाण्यात भाव खाणारं नायलॉन रक्तामांसात मागे पडलं. या हकिगतीचा शेवटही सांगून टाकतो. वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी खुद्द डिबेकींची महाधमनी फाटली आणि २००६ साली त्यांच्या छातीत डेक्रॉनचीच नळी बसवावी लागली. ते त्यातून उठले आणि शंभरी गाठायला दोन महिने असताना २००८ मध्ये वारले.

आता कापडाच्या अंगाकडे येऊ. घट्ट विणलेल्या कापडाची नळी गळत नाही, पण ती ताठ असते, कापली की कडेचे धागे सुटतात, आणि शरीराचं मांस तिच्यात नीट शिरत नाही. स्वेटरसारखी विणलेली नळी मऊ असते, मांस तिच्या फासांत शिरून तिला धरून ठेवतं, पण रक्त चाळणीसारखं गळतं. मग डॉक्टरांनी काय केलं? नळी बसवण्याआधी रोग्याचंच थोडं रक्त काढायचं, नळीला आतून-बाहेरून चोळायचं आणि गोठू द्यायचं. भेगाळलेली जमीन आपण सारवून घेतो, तसं. सारवलेली नळी मग गळत नसे. पुढे त्यात मखमलीसारखे बारीक फास काढले, म्हणजे सारवण धरून राहील. नळी वाकताना दुमडू नये म्हणून तिला चुण्या घातल्या. पण ज्या रोग्याला रक्त पातळ करायचं औषध दिलेलं असे, त्याचं रक्त नीट गोठायचं नाही आणि सारवण कच्चं राहायचं. म्हणून १९८०च्या दशकात कारखान्यातच कापडाला कोलॅजन किंवा जिलेटिन या प्राणिज प्रथिनांचा हात देऊन नळ्या येऊ लागल्या. कापडाला खळ देतात, तसाच हा प्रकार. नळी बसली की ती खळ काही आठवड्यांत शरीरात विरघळते आणि तिच्या जागी आपलं मांस येतं.

इतकं करूनही व्हूरहीसना दिसलेला तो चकचकीत पापुद्रा माणसात पूर्ण नळीभर चढत नाही, फक्त दोन्ही टोकांना थोडा चढतो. मोठ्या नळीत रक्ताचा जोर असतो म्हणून चालून जातं. बारीक नळीत गुठळी होते. म्हणूनच हृदयाच्या बायपासला आजही पायातली किंवा छातीतली स्वतःचीच रक्तवाहिनी काढून लावतात. एवढ्या वर्षांत त्या जागेसाठी भरवशाचं कापड जमलेलं नाही.

हृदयाच्या झडपेचंही तसंच. झडप धातूची किंवा प्लास्टिकची असली तरी तिला हृदयात टाके घालून बसवायला भोवती कापडाची कड लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडप तयार झाली. पहिले तीन नमुने फसले, चौथा जमला, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रोग्याला बसवली. तिची कड पॉलिएस्टरच्या कापडाची आहे. परदेशी झडप परवडत नव्हती अशा लाखाहून अधिक माणसांना ती मिळाली.

आता आपल्या अगदी जवळची गोष्ट. विठ्ठल नागेश शिरोडकर हे नाव तुमच्यापैकी काहीजणींनी ऐकलं असेल. १८९९ साली गोव्यातल्या शिरोडा गावी जन्मलेला हा माणूस मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकला आणि पुढे तिथेच स्त्रीरोगांचा प्राध्यापक झाला. त्या काळी एखादीचे दिवस चौथ्या-पाचव्या महिन्यात जात. कळा नाहीत, त्रास नाही, पिशवीचं तोंड आपोआप उघडे आणि सगळं निसटून जाई. एकदा, दोनदा, तीनदा. बोल लागायचा तिलाच. पांढऱ्या पायाची, कुणाची नजर लागलेली, देवाचं काही चुकलेली. नवऱ्याला दुसरी बायको करून देण्याच्या गोष्टीही निघायच्या. शिरोडकरांनी ओळखलं, की दोष नशिबात नाही, पिशवीच्या तोंडाशी आहे. ते सैल आहे, त्याला नाडी घालायला हवी. १९५५ मध्ये त्यांनी आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि जगभर ती शिरोडकर टाका म्हणून ओळखली जाऊ लागली. आजही आपल्याकडे 'पिशवीला टाका घातलाय' असं म्हणतात, तो टाका यांच्यापासून सुरू झाला. १९७१ साली ते वारले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं.

त्यांनी नाडी कशाची घातली? सुरुवातीला त्याच बाईच्या मांडीतून घट्ट पांढऱ्या पडद्याची एक पट्टी काढून. शरीर आपलंच अंग नाकारणार नाही हा हिशेब. पण त्यासाठी मांडीवर वेगळा छेद, वेगळी जखम. नंतर ती जागा पॉलिएस्टरच्या विणलेल्या फितीनं घेतली, सुमारे ५ मिलिमीटर रुंद. फीत का, बारीक दोरा का नाही, हे तुम्हाला सांगायला नको. भरलेली पिशवी सुतळीनं उचलली तर हात कापतो, रुंद पट्ट्यानं उचलली तर कापत नाही. १९५७ मध्ये मेलबर्नचे डॉ. मॅक्डोनल्ड यांनी बटव्याची दोरी ओढावी तसा साधा, सोपा टाका काढला आणि तो जास्त रूढ झाला. पण विचार शिरोडकरांचाच.

दुसरा त्रास अंग बाहेर येण्याचा. पाण्याचे हंडे, डोक्यावर मासळीच्या पाट्या, बाळंतपणानंतर लगेच कामाला जुंपणं. हा त्रास म्हातारपणाचा समजतात, पण आपल्याकडे तो विशी-तिशीतल्या बायांनाही होतो. पाश्चात्त्य पुस्तकांतला उपाय बहुधा पिशवी काढण्याचा. पण जिला अजून मूल हवं आहे तिनं काय करायचं? म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी पिशवी ठेवून ती वर टांगण्याच्या शस्त्रक्रिया काढल्या. शिरोडकरांची एक, डॉ. पुरंदरे यांच्या नावाची एक. पिशवीच्या मानेला पॉलिएस्टरची फीत शिवायची आणि ती मागे मणक्याच्या हाडाजवळ किंवा पुढे पोटाच्या पडद्याला बांधायची. झोळी टांगतात तशी. स्त्रीरोगांच्या पुस्तकांत या मुंबईच्या शस्त्रक्रिया आजही शिकवल्या जातात. कृत्रिम कापड बाईच्या पोटात घालून तिची पिशवी वाचवण्याच्या कामात आपले लोक पुढे होते, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. आम्हाला तरी तो आहे.

पण विणलेल्या कापडाला एक खोड असते. भिंगातून पाहिलं तर फितीचा प्रत्येक धागा अनेक बारीक तंतूंचा पिळलेला असतो. त्या तंतूंमधल्या फटी इतक्या अरुंद, की जंतू आत जातो, पण त्याला खाणारी आपल्या रक्तातली पेशी जाऊ शकत नाही. जंतू साधारण १ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच्यामागे धावणारी पेशी १० मायक्रॉनहून मोठी. चोर बोळात शिरला आणि शिपाई तोंडाशीच अडकला. म्हणून आता पोटाच्या जाळीसाठी दोन गोष्टी पाहतात. धागा एकेरी हवा, मासेमारीच्या गळाच्या तंगुसासारखा, पिळलेला नको. आणि आस मोठा हवा. जाळ्याच्या आसाबद्दल आपल्याला कुणी शिकवायला नको. आस किती ठेवावा यावरून मच्छीमारांचे आणि सरकारचे वाद चालूच असतात. शरीरातल्या जाळीचा आस निदान ७५ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीएवढा असला, की शिपाई आत जातो, नव्या रक्तवाहिन्या जातात, मांस जातं आणि जाळी अंगात मुरते. पॉलिप्रॉपिलिनचीच जाळी असू दे, पण बारीक आसाची आणि मोठ्या आसाची यांचं शरीराशी वागणं वेगळं. रसायन बदललेलं नाही, फक्त वीण बदलली आहे.

ही जाळी लागते हर्नियाला, म्हणजे अंतर्गळाला. होडी ओढणारे, बर्फाच्या लाद्या आणि जाळी उचलणारे आपले पुरुष या दुखण्याला ओळखतात. सिझेरियनच्या जुन्या टाक्यांपाशी पोट फुगलेल्या बायाही ओळखतात. पूर्वी डॉक्टर भोकाच्या दोन्ही कडा ताणून एकमेकींना शिवत. जीर्ण कापड ताणून शिवलं तर शिवणीच्या बाजूला पुन्हा फाटतं, तसंच व्हायचं. १९५०च्या दशकाच्या शेवटी ह्यूस्टनच्या डॉ. अशर यांनी प्लास्टिकची जाळी आणली आणि १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या डॉ. लिक्टनस्टाइन यांनी ताण न देता सरळ ठिगळ लावायची पद्धत रूढ केली. हर्निया उलटण्याचं प्रमाण खूप खाली आलं. अडचण एकच. ठिगळ महाग. हातावर पोट असलेल्या माणसाला शस्त्रक्रियेच्या खर्चावर ते हजारो रुपये कुठून आणायचे?

या प्रश्नाला उत्तर निघालं ते आपल्याच महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा गावी. तिथले डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि त्यांचे सहकारी डॉ. ब्रह्मा रेड्डी यांनी १९९०च्या दशकात मच्छरदाणीचं कापड हातात घेतलं. तेही पॉलिथिलिन-पॉलिप्रॉपिलिनच्या कुळातलं, एकेरी धाग्याचं आणि मोठ्या आसाचं. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही कसोट्यांना उतरणारं. ते धुऊन, कापून, निर्जंतुक करून त्यांनी ठिगळ म्हणून वापरलं, रोग्यांवर लक्ष ठेवलं, इतर ठिकाणच्या शल्यचिकित्सकांनाही सामील केलं आणि २००३ मध्ये आपले निष्कर्ष भारतीय शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात छापले. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं नाक मुरडलं असेल. माणसाच्या पोटात मच्छरदाणी! पण काम पक्कं होतं. पुढे आफ्रिकेत गरिबांसाठी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी ही जाळी नेली. पूर्व युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्या तसं निम्म्यांना महागडी जाळी आणि निम्म्यांना स्वस्त. वर्षभरानंतर स्वस्त जाळीत एकाच माणसाचा हर्निया उलटला, महागड्या जाळीत एकाचाही नाही. इतका फरक योगायोगानंही पडतो. महागड्या जाळीची किंमत सुमारे १२५ डॉलर, स्वस्त जाळीची सुमारे १ डॉलर. २०१६ च्या जानेवारीत हे अमेरिकेतल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आलं. दोंडाईचाची गोष्ट तिथपर्यंत पोहोचली.

यातही वरच्या अंगाचा प्रश्न होताच. डास मारणारं औषध लावलेली मच्छरदाणी यासाठी चालत नाही. आणि वाफेत निर्जंतुक करताना उष्णता १२१ अंशांवर ठेवावी लागते. नेहमीच्या १३४ अंशांवर हे कापड आकसतं, त्याचा आस बिघडतो. हे सगळं पाहायला शल्यचिकित्सक लागतो. घरच्या मच्छरदाणीचा तुकडा घेऊन कुणी दवाखान्यात जाऊ नये, हे आम्ही हसत सांगतोय, पण सांगतोय.

महागड्या विद्येचं गाठोडं सोडून त्यातलं गरजेचं तेवढं गावापर्यंत आणायचं, हा विचार आपल्या किनाऱ्याला नवा नाही. १९७०च्या दशकात प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी अलिबाग तालुक्यात मांडव्याच्या परिसरात गावातल्याच बायांना शिकवून आरोग्याचं काम त्यांच्या हाती दिलं होतं. मांडवा आज बोटीच्या धक्क्यासाठी आणि बंगल्यांसाठी ओळखलं जातं. त्या बायांची आठवण फारशी कुणी काढत नाही.

आता वाईट भाग. हर्नियाला जाळी लाभली, म्हणून कंपन्यांना वाटलं, बाईच्या योनिमार्गातूनही तीच जाळी बसवावी. अंग बाहेर येणं असो की खोकताना-हसताना लघवी होणं असो. १९९०च्या दशकात लघवीच्या त्रासासाठी एक पट्टी आली. पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडाला कोलॅजनचा हात दिलेला. महाधमनीच्या नळीला जी खळ वरदान ठरली, जवळपास तीच. पण ही जागा वेगळी. महाधमनीत जंतू नसतात, योनिमार्गात निसर्गानंच ठेवलेले असतात. पट्टी मांस कापून बाहेर येऊ लागली, जखमा चिघळल्या आणि १९९९ मध्ये ती बाजारातून परत घ्यावी लागली. पण हिचा दाखला देऊन दुसऱ्या पट्ट्यांना आधीच मंजुरी मिळालेली होती, 'ही तिच्यासारखीच आहे' एवढ्या सांगण्यावर. माघारी घेतलेल्या मालाचा दाखला खरा धरून नवा माल चालू राहिला, यात शास्त्राचा दोष कमी आणि धंद्याच्या घाईचा जास्त, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पुढची वीस वर्षं हजारो बायांनी दुखणं, रक्तस्राव, संबंधांच्या वेळच्या वेदना सांगितल्या. त्यांना बरेचदा 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठवलं गेलं. जाळी मांसात मुरते हाच तिचा गुण, त्यामुळे ती काढणं म्हणजे चिखलात रुतलेलं जाळं उपसण्यासारखं. अर्धी निघते, अर्धी राहते. शेवटी २०१८ मध्ये ब्रिटननं अशा शस्त्रक्रिया थांबवल्या. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अंग बाहेर येण्यावर योनिमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री बंद करायला लावली. २०२० साली ब्रिटनमध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीनं अहवाल दिला. त्यात बायकांचं म्हणणं ऐकलं गेलं नाही हे उघडपणे नोंदवलं आहे. अमेरिकेतली ती बंदी हर्नियाच्या जाळीवर नाही, पोटातून बसवायच्या जाळीवरही नाही. म्हणून ज्यांना अशी जाळी बसली आहे आणि काही त्रास नाही, त्यांनी घाबरू नये.

असाच एक फटका हृदयाच्या झडपेला बसला होता. झडपेच्या कापडी कडेला जंतू लागू नयेत म्हणून १९९७ च्या सुमारास एका कंपनीनं कापडावर चांदीचा मुलामा दिला. चांदी जंतू मारते हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. पण चांदीनं शरीराच्या पेशींनाही थोपवलं. कड हृदयात नीट मुरेना, बाजूनं रक्त झिरपू लागलं आणि जानेवारी २००० मध्ये ती झडप मागे घेतली गेली. जंतूला नकोसं केलेलं अंग मांसालाही नकोसं झालं.

मग आता काम कुठवर आलंय? तुमच्याकडे रेशमासारखी मऊ पॉलिएस्टरची साडी असेल, तर ती बहुधा कॉस्टिक सोड्यात झिजवलेली असते. सोडा धाग्याचं वरचं साल खातो, धागा बारीक आणि मऊ होतो. प्रयोगशाळेत हाच सोडा फार हलक्या हातानं वापरतात. पॉलिएस्टरच्या अंगावर त्यानं रासायनिक आकडे तयार होतात आणि त्या आकड्यांना हेपारिन, म्हणजे रक्ताची गुठळी रोखणारं औषध, किंवा प्रथिनं अडकवता येतात. दुसरा मार्ग प्लाझ्माचा. ट्यूबलाइटच्या आत असतो तसा विजेनं पेटलेला विरळ वायू कापडावरून फिरवायचा. धाग्याच्या फक्त वरच्या अतिसूक्ष्म थरात बदल होतो, आतली ताकद तशीच राहते. पाणी न धरणारं कापड पाणी धरू लागतं. हेपारिन जोडलेल्या कृत्रिम रक्तवाहिन्या रुग्णालयांत वापरात आहेतही. सालीच्या काढ्यातलं जाळं आठवा. काम त्याच जातीचं आहे, फक्त हत्यारं बारीक झाली.

आपल्या हातात काय आहे तेही सांगतो. तुम्हाला किंवा घरात कुणाला जाळी, फीत, नळी, झडप बसवली जाणार असेल, तर आधी विचारा: कशाची आहे, कुठून घालणार, न घालता दुसरा उपाय आहे का, त्रास झाला तर काढता येते का. शस्त्रक्रियेनंतर वस्तूच्या पाकिटावरचं स्टिकर घरी न्यायच्या कागदावर लावून मागा. त्यावर नाव आणि क्रमांक असतो. आपल्या देशात वैद्यकीय उपकरणांपासून होणाऱ्या त्रासाची नोंद घेण्याचा सरकारी कार्यक्रम २०१५ पासून आहे, आणि एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधाच्या कायद्याखाली आली आहेत. पण तो नंबर तुमच्याकडे नसेल तर तक्रार कशाची करणार? रेशनकार्डाच्या पिशवीत तो कागद ठेवा.

शिरोडकरांच्या टाक्याचं राहिलं. २०१६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी सांगितलं, की विणलेल्या दोऱ्यानं टाका घातला तर तिथले चांगले जंतू कमी होऊन वाईट वाढतात आणि गर्भ जाण्याचा धोका वाढलेला दिसतो. एकेरी दोरा बरा. वरच्या फटींच्या गोष्टीशी हे जुळत होतं, म्हणून पुष्कळांना लगेच पटलं. मग ब्रिटनमध्ये टाका घालायची वेळ आलेल्या २०४९ गरोदर बायांना चिठ्ठीनं दोन गटांत वाटून चाचणी केली. २०२२ मध्ये निकाल आला. एकेरी दोऱ्याच्या गटात शंभरात ८ गर्भ किंवा बाळं दगावली, विणलेल्या दोऱ्याच्या गटात शंभरात ७.६. म्हणजे जिवाच्या हिशेबात फरक नाही. कोणता दोरा घ्यायचा हे डॉक्टरनं समोरच्या बाईशी बोलून ठरवावं, असं ते संशोधक म्हणतात.